सायबाचा कौल

गंगाराम आगबोटीवरून उतरला तो तोंड मिटून. १९५२ सालच्या पावसाळ्यानंतर मालवणला लागलेली ती पहिली बोट होती. किनाऱ्याकडे येणाऱ्या पडावात शेजाऱ्यांनी मुंबईची खबर विचारली, बिडी पुढे केली, एकाने तर "मुको झालंस काय रे मेल्या?" म्हणून डिवचलेही, पण हा नुसती मान हलवायचा आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचा. देवबागेपर्यंतची वाट त्याने तशीच पुटपुटत कापली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माडांखाली घरे. त्यातल्या एका घराच्या अंगणात त्याची वहिनी सुगंधा काथ्याचे सुंभ वळत बसली होती. त्याला बघून तिच्या हातातले सुंभ सैल पडले.

"भावजी! काय कळला?"

"थांब वयनी. माका बोलूक लावू नको. तोंडातला सांडात."

"पोरा, पाय तरी धू मरे!" आतून त्याची आई यशोदा ओरडली. गंगारामने पायही धुतले नाहीत. तो वाटेवर पलीकडे राहणाऱ्या भाईमास्तरांच्या पडवीत जाऊन उभा राहिला आणि सासू-सून त्याच्या मागोमाग धावल्या.

गोष्ट अशी होती. गंगारामचा थोरला भाऊ, सुगंधाचा नवरा दत्ताराम, विलायतेला जाणाऱ्या मालाच्या बोटीवर खलाशी होता. त्या उन्हाळ्यात बोट विलायतेतल्या एका बंदराला लागली असताना तो जमिनीवर उतरला, आणि बोट सुटायची वेळ झाली तरी परतला नाही. बोट त्याच्यावाचून निघाली. त्याच्याबरोबर काम करणारा वेंगुर्ल्याचा सत्यवान मुंबईला आल्यावर त्याने हे तिथे नोकरीला असलेल्या गंगारामला सांगितले. जाताना दत्ताराम त्याला म्हणाला होता, "घरच्या दाराक लावूक हिरवो रंग बघून येतंय. हंयसरलो रंग खाऱ्या वाऱ्यात टिकता म्हणतत." त्यानंतर त्याला कुणी पाहिले नव्हते.

मग गंगाराम धीर करून कंपनीच्या कचेरीत गेला. गोऱ्या साहेबाने कागद चाळले, बंदराचे नाव वाचले आणि मान वर न करता चार शब्द बोलला. बाहेर बसलेल्या कारकुनाने "येईल म्हणतायत, जा आता," म्हणून वाटेला लावले. पण कारकुनाच्या मराठीवर गंगारामचा भरवसा नव्हता. साहेबाचेच शब्द जसेच्या तसे गावी न्यायचे आणि भाईंकडून त्यांचा पुरा अर्थ काढून घ्यायचा, असे त्याने ठरवले. मालवणच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात भाईंचा जन्म गेला होता.

"बस. पाणी पी," भाई म्हणाले. "आता सांग. साहेब नेमकं काय म्हणाला?"

गंगारामने हात जोडले, डोळे मिटले आणि आगबोटीवर रात्रभर घोकलेले एका दमात ओकून टाकले. "ही विल टर्न अप."

भाईंचा चेहरा खुलला. वर्गात अवघड धडा आला की खुलायचा तसा. "असं होय! हा बोलण्यातला शब्द आहे. अर्जात, दरखास्तीत लिहायचा नव्हे. टर्न म्हणजे वळणं आणि अप म्हणजे वर. पण इथं कुणी वळत नाही आणि कुणी वर जात नाही."

"वर जाणा नाय मां?" यशोदा घाईने म्हणाली. "मगे बरा."

"दोन शब्द एकत्र आले की अर्थ तिसराच होतो. हे बघा, हरवलेली किल्ली चार दिवसांनी गादीखाली मिळते. इंग्रज म्हणतो, किल्ली टर्न अप झाली. आपण जेवायला बसलोय आणि न कळवता मेहुणा दारात उभा. मेहुणा टर्न अप झाला. धंद्यात खोट आलेला माणूस म्हणतो, बसा, काहीतरी टर्न अप होईल. म्हणजे आपोआप, ध्यानीमनी नसताना उगवणं."

"म्हणजे दत्तो उगवतलो?"

"साहेबाच्या म्हणण्याप्रमाणे, उगवेल."

यशोदेने पदर डोळ्यांना लावला. "म्हणजे सायबान कौल दिल्यान."

भाई हसले. "तसं म्हणा हवं तर."

भाईंनी ते म्हातारीच्या समाधानासाठी म्हटले. पण ज्या गावात ते बोलले तिथे कौल ही समाधानाची गोष्ट नव्हती. गावच्या देवळात गुरव देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणे घालतो. मुलीचे स्थळ असो, विहिरीची जागा असो, पाकळी उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. आणि एकदा पाकळी पडली की त्याच गोष्टीसाठी पुन्हा कौल लावत नाहीत. तो देवावरचा अविश्वास होतो. उत्तर देणाऱ्याने भार उचललेला असतो. विचारणाऱ्याने घरी जाऊन बसायचे.

तशी ही माणसे घरी जाऊन बसली.

पुढच्या शिमग्याला सत्यवान मुद्दाम वेंगुर्ल्याहून आला. खलाशांची युनियन आहे, तिथे जाऊन तक्रार करू, कंपनीला त्या बंदरात चौकशी करायला लावू, असे त्याचे म्हणणे होते. "दत्तो माजो दोस्त. मी येतंय तुमच्यावांगडा."

यशोदा उसळली. "परत विचारूचा? सायब म्हणात, ह्यांचो माझ्यावर इस्वास नाय. आसलो कौल मोडात! तू आमचा बरा बघूक इलंस काय वायट?"

सत्यवानने सुगंधाकडे पाहिले. सुगंधा चुलीशी होती. तिला वाटत होते, जाऊन विचारावे. तिला वाटत होते, न विचारावे. विचारले आणि साहेबाने या खेपेस दुसरेच काही सांगितले तर? हातात होते तेवढेही जायचे. तिने चहाचे आधण ठेवले. सत्यवान चहा पिऊन गेला तो पुन्हा आला नाही.

तो शब्द मात्र घरात राहायला आला. यशोदेची तलंग कोंबडी हरवली की ती म्हणायची, "टरनप होतली." सुई हरवली, पळी हरवली, टरनप होतली. दत्तारामची मुलगी तुळसा तेव्हा जेमतेम चार वर्षांची. तिला तो देवाच्या नावासारखा पाठ झाला. अंगणातल्या चिंचेखाली भातुकली मांडून ती बाहुल्याला कोनाड्यात लपवायची आणि बाहुलीला सांगायची, "रडू नको गो, तुजो घोव टरनप होतलो." सगळे हसायचे. सुगंधाही हसायची, आणि मग खाडीवर काथ्या धुवायला निघून जायची.

शेजारच्या रुक्मिणीने तिचे नावच पाडले. रुक्मिणी तोंडाची तिखट. गावातल्या निम्म्या माणसांची नावे तिने पाडलेली. खाडीच्या चिखलात कुजत पुरलेली नारळाची सोडणे उपसायला बायका जमल्या की ती लांबून हाक मारायची, "काय गो टरनपाची! आज तरी इलो काय?"

"येतलो मगे. तुका सांगान येतलो," सुगंधा म्हणायची.

"माका सांगान येयत तर माजो घोव माका घराभायर काढीत गो बाये!"

अशी थट्टा तिला चालायची. थट्टा होती तोवर तो जिवंत होता. पुढे बायका थट्टा करीनाशा झाल्या, ते तिला भारी पडले. एका चैत्रात रुक्मिणीच्याच घरी हळदीकुंकू होते. रुक्मिणी ओळीने कुंकू लावत आली आणि सुगंधासमोर तिचे बोट हवेतच थांबले. लावावे तर कुणाच्या नावाने, न लावावे तर कशाच्या आधाराने? सगळ्या बायका कुठेतरी दुसरीकडे बघू लागल्या. तेव्हा सुगंधाने स्वतःच कपाळ पुढे केले आणि त्या थांबलेल्या बोटाला टेकवले. घरी येऊन ती आरशात बघायला गेली नाही.

साठ सालच्या आषाढात यशोदा गेली. शेवटच्या दिवसांत तिने सुनेला जवळ बोलावले. "तो इलो की आधी तेका जेवूक वाढ हां. मगे भांड."

"होय."

"आणि दाराक रंग तोच लावीत. तू हात लावू नको."

दार तसेच होते, कोरे. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या फळ्या पिंजल्या होत्या. वाटेने जाणाराही बघून सांगू शकला असता, की या घरात कुणाची तरी वाट बघताहेत.

चौसष्ट सालच्या मार्गशीर्षात मसुऱ्याहून भिकाजी आले. त्यांच्या पुतण्यासाठी त्यांनी तुळसाला आंगणेवाडीच्या जत्रेत पाहिले होते. मुलगा मुंबईला नोकरीत, घरी भाताची शेती, काजूची थोडी झाडे. माणूस सभ्य होता. पडवीत बसून त्यांनी सुपारी कातरली, मुंबईहून आलेल्या गंगारामशी भातापाण्याचे बोलले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "चेडू माका पसंत आसा. एकच सांगा. चेडवाचो बापूस खंय?"

गंगारामने पानाचे तबक त्यांच्यापुढे सरकवले.

"मेलो आसात तर आमची काय हरकत नाय. बापूस नसलेली चेडवां काय थोडी आसत? पण पळान गेलेलो आसात, थंय दुसरो संसार करून ऱ्हवलेलो आसात, तर माजो भाव ऐकाचो नाय. माणूस मेलो म्हणा नायतर जितो म्हणा. मधल्यामधी ठेवलेल्या माणसाच्या घरात सोयरीक कशी जोडूची?"

दाराआड तुळसा उभी होती. सोळा वर्षांची पोर. आईकडे तिने एकदाच बघितले आणि नजर खाली घातली. त्या नजरेत मागणे नव्हते. तेच सुगंधाला सोसवले नाही.

बारा वर्षे उलटली होती. बारा वर्षे ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचा दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून तो जाळायचा, दिवस घालायचे, आणि मग तो शास्त्राने मेला, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण ते बायकोने हो म्हटल्यावर. भिकाजींनी पौषापर्यंतची सवड दिली.

सुगंधाने आधी देवाला विचारले. गुरवाने पाकळ्या लावल्या, "बा देवा महाराजा, तुझ्या लेकराचो घोव जितो आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी," असे गाऱ्हाणे घातले. गंगारामने "होय महाराजा" म्हटले. पाकळी पडली नाही. गुरवाने पुन्हा पाणी शिंपडले, पुन्हा विनवले. दुपार कलली. उजवी पडेना, डावी पडेना. दोन्ही पाकळ्या दगडाला तशाच चिकटून वाळल्या.

"देवाक सांगूचा नाय," गुरव म्हणाला आणि त्याने घंगाळ उचलले.

परतताना ती भाईंच्या पडवीत थांबली. भाई आता थकले होते, डोळ्यांना कमी दिसत होते.

"भाई, त्या शब्दाक मुदत आसता काय?"

कोणत्या शब्दाला, हे त्यांनी विचारले नाही. "नाही. मुदत नसते. उद्या म्हटलं तर उद्याचा दिवस गेला की खोटं पडतं. हे कधीच खोटं पडत नाही. म्हणून तर लोक ते वापरतात."

"आणि मेलेल्या माणसाक वापरतत?"

भाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. "वापरतात. बुडालेल्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं, तरी तेही टर्न अप झालं म्हणतात."

"आणखी?"

"आणखी काय सांगू, सुगंधा..." मग शिक्षकाला खोटे शिकवता येत नाही तसे बोलले, "शोध घेऊन मिळालं तर हा शब्द नाही चालत. त्याला वेगळा शब्द आहे. कुणी शोधत नसताना मिळालं, तरच हा."

अंगणात कुणाचे तरी खारवलेले बांगडे वाळत होते, त्यांवर एक कावळा उतरला आणि तिने सवयीने हात उगारून त्याला हाकलले.

"म्हणजे सायब काय म्हणालो? मी शोधूचंय नाय, असाच मां?"

"त्याच्या मनात तेवढंही नसेल. नुसती बोलण्याची रीत."

"आमी कौल समाजलंव."

"मी तुम्हाला तिथंच थांबवायला हवं होतं. म्हातारीचं तोंड इतकं उजळलं..." तिने त्यांना दोष दिला नाही. दोष द्यायला राग लागतो, आणि तिच्या अंगात तो उरला नव्हता.

तिने गंगारामला मुंबईला जाऊन पुन्हा विचारायला सांगितले. बारा वर्षांत पहिल्यांदाच. तो गेला. साहेब केव्हाच विलायतेला गेला होता. कचेरीत आता एक मराठी तरुण बसत होता, शांत, अदबीचा. त्याने गंगारामला खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले.

"त्या वेळी तुम्ही तक्रार केली असती तर कंपनीला त्या बंदराच्या पोलिसांना कळवावंच लागलं असतं. इस्पितळं, तुरुंग, सगळीकडे विचारलं असतं. जिवंत असो, नसो, काहीतरी कळलं असतं. आता त्या बोटीही मोडीत गेल्या. इतकी वर्षं तुम्ही काय करत होता?"

"वाट बघत होतो साहेब," गंगाराम म्हणाला.

गावी येऊन त्याने हे शब्दाला शब्द सांगितले. या खेपेस मराठीतच होते. घोकायला लागले नव्हते. सुगंधाने ऐकले, तव्यावरची भाकरी उलटली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पळसाची पाना आणा."

मालवणहून भटजी आले. खाडीच्या कडेला गंगारामने पाने मांडली, दर्भ ठेवला, डोके म्हणून नारळ ठेवला. बांधायला सुंभ लागले. सुगंधाने घरात जाऊन तिनेच वळलेले आणून दिले. भटजी भले होते, तिला धीर द्यावा म्हणून म्हणाले, "हे केलं म्हणजे दार बंद झालं असं नाही हो. उद्या तो परत आलाच, तर त्यालाही शास्त्रात विधी आहे. जन्मापासूनचे सगळे संस्कार पुन्हा. बारसंसुद्धा. आणि लग्नही पुन्हा, याच बायकोशी."

"ऱ्हवांदे भटजीनू," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा माका जमाचा नाय."

गंगारामने अग्नी दिला. ओल्या काथ्याचा धूर झाला, नारळ तडकला. बांगड्या फोडायला रुक्मिणी आली होती. ती मोठ्याने रडत होती. सुगंधा मनगट पुढे धरून बसली होती, हळदीकुंकवाला कपाळ धरले होते तशी.

माघात लग्न झाले. त्याआधी तिने गंगारामला सांगितले, "दाराक रंग लावा."

"खंयचो?"

"हिरवो. तेका होयो होतो तो."

मालवणच्या बाजारात मिळाला तो हिरवा रंग गंगारामने दाराला फासला. मांडव पडला, मसुऱ्याची माणसे होडीतून आली. कन्यादान गंगाराम आणि लग्नाला मुंबईहून आलेल्या त्याच्या बायकोने केले. सुगंधा मागच्या पडवीत, पातेल्यांजवळ होती. ज्या लग्नासाठी ती विधवा झाली, त्याच लग्नात विधवेने पुढे यायचे नसते, हे तिला कुणी सांगावे लागले नाही. अक्षता पडल्याचा गलका तिने भिंतीपलीकडून ऐकला. तुळसा निघताना मागे आली आणि आईच्या गळ्यात पडली. "आये, तू येकटी..." सुगंधाने तिचे तोंड पुसले आणि तिला होडीकडे पाठवले.

दिवस कलला. मांडवात शेजारपाजारच्या बायका पाने उचलत होत्या. एवढ्यात रुक्मिणीने नाकाला हात लावला. नथीतला मोती पडला होता.

"खंय पडलो गो?"

"काय म्हाइत! सकाळी होतो." तिने इकडे तिकडे पाहिले, हात झटकला आणि सवयीने बोलून गेली, "जावंदे. टरनप होतलो."

बोलली आणि तिने जीभ चावली. बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

सुगंधाने हातातले पातेले खाली ठेवले. ती मांडवात आली, दिवसभरात पहिल्यांदाच. "आपणाहून कायेक येणा नाय गो," ती म्हणाली. "शोधूक होया." आणि अंगणाच्या कोपऱ्यात गुडघे टेकून तिने वाळूत हात घातला. मूठभर वाळू घ्यायची, बोटांतून सोडायची, पुन्हा मूठ भरायची.

बायकाही थोडा वेळ वाकल्या. मग एकेक करून गेल्या. रुक्मिणी तिच्याजवळ येऊन बसली, तिचा खांदा धरला. "पुरे गो बाये. खोटो मोती होतो तो. खराच सांगतंय, बाजारचो."

"आसांदे."

"उठ गो."

सुगंधा उठली नाही. बघून झालेली वाळू ती उजव्या हाताला टाकत होती. डाव्या बाजूला अख्खे अंगण बाकी होते.